सात तासांचं कॉस्टिक

धोंडू घाडी कॉस्टिकच्या भांड्यापाशी उभा राहिला की त्याला हाक मारायची नाही, हा नियम आधी गिरणीत होता आणि मग विक्रोळीच्या लॅबमध्ये आला. हाक मारून उपयोगच नसायचा म्हणा. तो ओ द्यायचा, पण मान वळवायचा नाही. त्याची बायको प्रेमा सगळ्या आळीत सांगत सुटायची, "लगीन लागताना अंतरपाटाकडे पण असेच बघित होते, जसो काय तो उतू जातलो!" बायका हसायच्या. धोंडूही हसायचा, पण त्याला ते पटलेलं असायचं. उतू जाणाऱ्या गोष्टीकडे पाठ फिरवायची नाही, एवढं एकच शिक्षण त्याला मिळालं होतं आणि ते त्याने मनापासून घेतलं होतं.

गाव कणकवलीच्या वरच्या अंगाला. सोळाव्या वर्षी काकाबरोबर मुंबईला आला, परळच्या गाळ्यात गाववाल्यांबरोबर पडून राहिला आणि गिरणीत ब्लीच खात्यात बदली कामगार म्हणून चिकटला. कोऱ्या कापडातली खळ नि मेण निघावं म्हणून ते कॉस्टिक सोड्यात आठ-आठ तास उकळायचं, हे त्या खात्याचं काम. मोठमोठी लोखंडी भांडी, खाली वाफ, वर वाफ, अंगावर थेंब उडाला की कातडी गेलीच. खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, भीमराज. तोंडाने महा फाटका, पण कामाला देवमाणूस. पहिल्याच दिवशी त्याने धोंडूचा हात मनगटाशी धरला आणि सांगितलं, "पाळी संपली म्हणून भांडं सोडायचं नाय. पुढचा माणूस येईल, त्याच्या हातात असा हात द्यायचा, 'तुझं' म्हणायचं. तो 'माझं' म्हणेल. मगच पाय उचलायचा. समजलं काय रे?"

त्या खात्याची ही रीतच होती. बाकीच्या खात्यांतले लोक चेष्टा करायचे, "काय रे, रोज लग्न लावता काय?" पण धोंडूने तिसऱ्या वर्षी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. एक जण 'आलोच' म्हणून चहाला गेला, हात न देता. त्याच्या जागी आलेल्या बदलीवाल्याला झाकण सैल असल्याचं ठाऊकच नव्हतं. पोराचे दोन्ही डोळे गेले. त्याला झोळीत घालून बाहेर काढलं तेव्हा एक टोक धोंडूच्या खांद्यावर होतं. त्यानंतर त्या रीतीची चेष्टा त्याच्यासमोर करायची कुणाची टाप नव्हती.

मग ब्याऐंशीचा संप. आता त्या संपाबद्दल काय सांगायचं? ज्यांच्या घरात तो होऊन गेला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्या घरात नाही झाला त्यांना सांगून कळायचं नाही. धोंडू तोवर घाटकोपरला भटवाडीच्या चढावर स्वतःची खोली करून राहिला होता. प्रेमा, तो आणि एकुलती एक मुलगी जानकी. दोन वर्षं त्याने वाट पाहिली, आज भोंगा होईल, उद्या होईल. प्रेमा लोकांकडे पोळ्या लाटायला जायला लागली आणि त्याबद्दल तिने घरात कधी चकार शब्द काढला नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. तो दारात बसून समोरच्या डोंगराकडे बघत राहायचा.

चौऱ्याऐंशी साली एका गाववाल्याने निरोप आणला. विक्रोळीला हायवेच्या बाजूला एक साहेब आहे, त्याला कॉस्टिकचं काम जाणणारा माणूस हवाय. धोंडूला वाटलं, साबणाचा कारखाना असेल. जाऊन बघतो तर गाळ्यात ना साबण, ना कापड. एक उंच, वाकलेला, दाढी करायला विसरलेला माणूस मेणाचा ठोकळा हातात घेऊन उभा. हे विद्याधर साहेब. राहणार मुलुंडचे. सरकारी प्रयोगशाळेतली चांगली नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग मांडला होता, आणि त्यांच्या घरचे त्यांना खुळ्यात काढत होते.

उद्योग काय, तर फोटो काढायचे. पण असले फोटो की ज्यात लोखंडाच्या आतलं दिसेल. धोंडू म्हणाला, "म्हणजे एक्स-रे." साहेब म्हणाले, "नाही हो घाडी. एक्स-रे जाड लोखंडापुढे हात टेकतो. आणि तो बघतो हाड. मला बघायचंय मांस." मग त्यांनी टेबलावर पातेल्याएवढं मशीन दाखवलं. परदेशातून आणलेली एक बंद काचेची ट्यूब, तिला कपाटभर विजेचं सामान जोडलेलं. चालू केली की तिच्यातून न्यूट्रॉन नावाचे बारीक कण सुसाट सुटतात. डोळ्यांना दिसत नाहीत, आवाज नाही, वास नाही. वीतभर पोलादातून ते सरळ निघून जातात. पण पाणी, तेल, रबर, मेण असलं काही वाटेत आलं की अडखळतात. म्हणजे पोलादी नळाच्या आत रबराची रिंग असेल, तर फोटोत पोलाद फिकट आणि रिंग ठळक. असलं मशीन जगात होतं, पण ते घराएवढं. साहेबांना ते हातगाडीवर बसेल एवढं करायचं होतं. त्या कणांपासून माणसांना वाचवायला भोवती भिंत करायची ती शिशाची करून भागत नाही, मेणाची करावी लागते. मेणाच्या साडेचारशे विटा पुढच्या तीन महिन्यांत धोंडूनेच ओतल्या.

रात्री जेवताना त्याने प्रेमाला हे सांगितलं. "लोखंडाक जुमानत नाय नि मेणाक अडखळता."

"मगे तुमच्यासारखोच," प्रेमा म्हणाली. "गिरणीचो मॅनेजर आरडलो तरी ढिम्म. आणि चेडवान जरा नाक वर ओढल्यान की झालो लोण्याचो गोळो."

जानकी तेव्हा दहा वर्षांची होती. ती म्हणाली, "बाबा, मी काय नाक ओढत नाय हां!" आणि लगेच ओढलं. त्या खोलीत दोन वर्षांनी तिघं पहिल्यांदा एकदम हसली.

आता कॉस्टिक कशाला, ते सांगायला हवं. या फोटोला नेहमीची फिल्म चालत नाही. चष्म्याच्या काचा ज्या प्लास्टिकच्या करतात, त्या प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा वापरतात. कण आपटले की त्याच्यावर इतके बारीक ओरखडे पडतात की भिंगातूनही दिसत नाहीत. तो तुकडा गरम कॉस्टिकमध्ये सात तास ठेवला की ओरखडे खाल्ले जाऊन रुंद होतात, तिथे दुधी झाक येते आणि चित्र उमटतं. पण सातही तास कॉस्टिक एकसारखं तापलेलं हवं. जास्त तापलं तर सगळंच खाल्लं जातं, कमी झालं तर चट्टे पडतात. साहेबांचा तापमान सांभाळणारा खटका मधूनच अडकून बसायचा. साहेबांनी स्वतः केलेल्या पहिल्या पाच फिल्मा कोडाच्या डागांसारख्या निघाल्या होत्या. धोंडूने पहिलीच काढली ती अशी की साहेब ती खिडकीशी तिरकी धरून पाच मिनिटं नुसते बघत राहिले. एका पंपातल्या तेलाची पातळी तिच्यात स्पष्ट दिसत होती. साहेबांनी त्या दिवशी स्वतः चहा केला आणि धोंडूला कपबशीत दिला. ती कपबशी पुढे त्याचीच झाली.

असं दोन वर्षं चाललं. कामं बेताचीच यायची. पण धोंडू ताठ चालायला लागला. चढावरचे लोक विचारायचे, "काय घाडी, कसला कारखाना?" तर म्हणायचा, "कारखाना नाय, लॅब." प्रेमाने पोळ्या लाटायला जाणं सोडलं नाही, पण आता ती ते उघड बोलायची.

शहाऐंशीच्या पावसाळ्यानंतर साहेबांकडे त्यांचं सगळ्यात मोठं काम आलं. समुद्रात तेल काढायच्या कामासाठीचा एक पोलादी व्हॉल्व्ह, चांगला बालदीएवढा, चारी बाजूंनी वेल्ड करून बंद केलेला. आत रबराची जाड रिंग. ती फाटलीय असा कंपनीच्या एका इंजिनिअरला संशय होता, दुसऱ्याला नव्हता. उघडायचा तर व्हॉल्व्ह वाया जातो. साहेबांनी छातीठोकपणे सांगितलं, न उघडता दाखवतो. ते जमलं तर असे पन्नास व्हॉल्व्ह येणार होते. धोंडूला साहेबांनी दुसरंही सांगितलं होतं, की रिंग फाटकी असेल आणि व्हॉल्व्ह तसाच बसवला, तर समुद्रात तेलविहिरीच्या वर काम करणारी माणसं मरतील. धोंडूच्या डोक्यात पन्नास व्हॉल्व्ह राहिले नाहीत, ती माणसं राहिली.

नेमकी त्याच वेळी प्रेमाला कावीळ झाली. आधी आळीतल्यांच्या सांगण्यावरून गावठी औषध झालं, मग डोळे हळदीसारखे दिसायला लागले तेव्हा घाटकोपरच्याच हॉस्पिटलात दाखल केलं. बारा दिवस झाले. ताप उतरला, दोन घास पेज जायला लागली. डॉक्टर म्हणाले, बुधवारपर्यंत घरी न्या. धोंडू रोज सकाळी तिला बघून कामावर जायचा, संध्याकाळी परत जायचा. दिवसा शेजारीण रत्नप्रभा बसायची आणि शाळा सुटली की जानकी. विक्रोळी ते घाटकोपर म्हणजे मधे एकही स्टेशन नाही.

त्या सोमवारी सकाळी तो गेला तेव्हा प्रेमा उठून बसली होती. "आज काय शिजवतास?" असं तिने विचारलं. लॅबमधल्या कामाला ती शिजवणंच म्हणायची. तो म्हणाला, "आज मोठी फिल्म हा. तीनाक काढतंय नि सरळ हयच येतंय." ती म्हणाली, "येवा. येताना बोरां मिळाली तर हाडा." एवढंच. अहो, माणूस निघताना मागे वळून बघतो तेवढंसुद्धा त्याने बघितलं नाही, कारण बघण्यासारखं काही वाटलंच नाही.

चार दिवस रोज आठ तास मशीन चालवून साहेबांनी त्या व्हॉल्व्हचा फोटो घेतला होता. सकाळी आठ वाजता फिल्म कॉस्टिकमध्ये गेली. धोंडू चष्मा, रबरी हातमोजे, एप्रन घालून उभा राहिला. संध्याकाळी पाचला कंपनीची माणसं फोटो बघायला येणार होती. साहेब पलीकडच्या खोलीत होते.

साहेब तिथे काय करत होते, हे धोंडूला नंतर कळलं. आपण आत्ताच सांगून टाकू, कारण लपवाछपवी या गोष्टीत आधीच खूप झालीय. ट्यूबमधून कण निघतायत की नाही हे मोजायला एक काउंटर होता. महिनाभर तो वेड्यासारखा वागत होता, कधी शंभर दाखवायचा, कधी शून्य. साहेबांनी त्याला शिव्या घालून त्याच्यावर विश्वास ठेवणंच सोडलं होतं. विजेचे काटे बरोबर दाखवत होते ना, मग झालं. त्या सोमवारी हात रिकामे म्हणून त्यांनी काउंटर उघडला. सगळं तपासलं. तपासणीसाठी ठेवलेला, कण सोडणारा छोटा स्रोत जवळ नेला तर काउंटर शहाण्यासारखा टिकटिक मोजायला लागला. काउंटरला काहीही झालेलं नव्हतं. चार दिवस त्याने शून्य दाखवलं होतं ते खरंच शून्य होतं. ट्यूब मेली होती. साडेअकरा वाजले होते.

साडेबाराला फोन वाजला. साहेबांनी घेतला आणि ते दारात आले.

"घाडी, हॉस्पिटलमधून फोन होता. रत्नप्रभाबाई म्हणून कोणी. तुमची मिसेस बोलावतेय, लवकर या म्हणाल्या."

धोंडूने मान वळवली नाही. "जास्त आहे का?"

"तसं काही बोलल्या नाहीत. नाणं संपलं बहुतेक, फोन कट झाला."

धोंडूने थर्मामीटर बघितला. सत्तरला एक कमी. खटका पुन्हा अडकला होता. त्याने काठीने खटक्यावर टिचकी मारली, हीटर पेटला. प्रेमा कालही बोलावत होती, परवाही. एकदा उशी वर करायला, एकदा नर्सशी भांडायला. "अजून अडीच तास," तो म्हणाला. "तीनला काढतो, साडेतीनला तिथे."

साहेब हलले नाहीत. "जायचं तर जा ना तुम्ही. मी बघतो."

"तुम्हाला नाय जमायचं साहेब," धोंडू हसून म्हणाला. "तुमचे चट्टे पडतात. आणि त्या वरच्या माणसांच्या जिवाचं काय? रबर फाटलंय की नाय ते चट्ट्यात कळणार नाय."

साहेबांनी तोंड उघडलं. धोंडूने ते भांड्यावरच्या स्टीलच्या झाकणात पाहिलं, वेडंवाकडं प्रतिबिंब. बोलणार आहेत असं वाटलं. मग ते गेले. हात द्यायला माणूस नव्हता, आणि हात दिल्याशिवाय धोंडू घाडी जागा सोडणारा नव्हता. कोणी म्हणेल, मूर्ख होता. म्हणू दे. ज्याने बदलीवाल्या पोराला झोळीतून वाहून नेलेलं नाही त्याने म्हणावं.

तीन वाजता त्याने फिल्म बाहेर काढली आणि साध्या पाण्याच्या ट्रेमध्ये सोडली. ओली असताना या फिल्मवर काही दिसत नाही. पाणी ओरखड्यांत भरतं आणि सगळं स्वच्छ काचेसारखं वाटतं. सुकल्यावरच चित्र वर येतं. त्याला हे ठाऊक होतं, म्हणून तो थांबला नाही. एप्रन काढून पळाला. स्टेशनाबाहेर बोरं मिळाली, ती घेतली.

वॉर्डच्या दारात जानकी उभी होती, शाळेच्या गणवेशात. ती बापाकडे धावली नाही. त्याच्याकडे बघितलं, हातातल्या पुडीकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

प्रेमा दोन वाजून पन्नास मिनिटांनी गेली होती. बाराच्या सुमाराला एकाएकी रक्ताची उलटी झाली होती. रत्नप्रभा रडत रडत सांगत होती, तीनदा विचारलं हो तिने, "इले काय?" मग मी म्हटलं, पुन्हा फोन करते. तर म्हणाली, "नको. कढत भांडा सोडून येवचे नाय ते. तेंका धावडवू नको." त्यानंतर बोलली नाही. धोंडूने बोरांची पुडी तिच्या खाटेखालच्या स्टुलावर ठेवली. दुसरं कुठे ठेवायची ते त्याला सुचलं नाही.

त्या रात्रीपासून जानकी बापाशी बोलेना. बारा वर्षांची पोर. जेवण वाढायची, पाणी द्यायची, शब्द नाही. तिसऱ्या दिवशी एकदाच बोलली. "आईपेक्षा मोठं काय होतं त्या भांड्यात?"

धोंडूने तिला समजावलं. समुद्रातली माणसं, फाटकं रबर, चुकीचा व्हॉल्व्ह बसला तर काय झालं असतं ते. ती ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. मग सुतकात जो भेटायला येईल त्याला धोंडू तेच सांगायला लागला. गाववाले येऊन बसले की सुरू. "ती गेली, माझ्या नशिबात नव्हतं. पण त्या फोटोने चार घरचे कर्ते वाचले असतील." सांगता सांगता त्याचा त्यालाच धीर यायचा. अहो, माणसाला टेकायला काहीतरी लागतं. त्याच्याकडे ती एक फिल्म होती.

पाचव्या दिवशी विद्याधर साहेब चढ चढून आले. धापा टाकत चटईवर बसले. धोंडूने सगळ्यांसमोर, जानकीसमोर विचारलं, "साहेब, फोटो चांगला आला ना?"

साहेब जानकीकडे बघत होते. "तुम्ही कामावर या," ते म्हणाले. "मग दाखवतो." आणि चहा न घेता उठले.

चौदाव्या दिवशी धोंडू कामावर गेला. डोकं भादरलेलं, त्यावर टोपी. पहिलं काम म्हणजे, "साहेब, दाखवा."

साहेबांनी कपाटातून पाकीट काढलं. धोंडूने फिल्म बाहेर काढून खिडकीशी तिरकी धरली. उलटी केली. पुन्हा तिरकी धरली. आरपार, पलीकडची हायवेवरची गाडीसुद्धा दिसत होती. कुठे झाक नाही, डाग नाही. नव्या चष्म्याच्या काचेसारखी लख्ख.

तो स्टुलावर बसला. "माझ्या हातून गेली," तो म्हणाला. "खटका अडकला होता साहेब. तुम्ही फोन सांगायला आलात तेव्हा एक डिग्री कमी झालं होतं. माझं लक्ष... माझं लक्ष तिच्याकडे गेलं असणार. बावीस वर्षांत असं नाय झालं. तुमचे पन्नास व्हॉल्व्ह गेले माझ्यापायी. मला माफ करा."

आणि त्याने खरंच साहेबांपुढे हात जोडले. विद्याधर साहेबांना इथे गप्प बसता आलं असतं. चौदा दिवस बसलेच होते. पण ते जोडलेले हात त्यांना बघवेनात. त्यांनी ते धरले आणि खाली केले.

"तुमची काही चूक नाही. तुम्ही बरोबर केलंत सगळं. त्या फिल्मवर काही नव्हतंच. ट्यूब चार दिवस बंद होती. मला ते... मला कळलं होतं."

"कधी?"

"वाटलं, पहिल्या दिवशी तरी थोडी चालली असेल. काहीतरी दिसेल. पाच वाजता माणसं येणार होती, घाडी, मी—"

"कधी कळलं, साहेब?"

"साडेअकराला."

धोंडू बोटं मोजत होता. साडेअकरा. फोन साडेबाराला. इथून स्टेशन, गाडी, तिथून हॉस्पिटल, फार तर पाऊण तास. सव्वा वाजता पोचला असता. ती बोलत होती तेव्हा. दीड तास. दीड तास तो तिचा हात धरून बसला असता.

"म्हणून तर मी जा म्हणालो तुम्हाला," साहेब म्हणाले.

"जा म्हणालात," धोंडू म्हणाला. "फिल्म कोरी आहे म्हणाला असता, तर गेलो असतो." त्याचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर साहेबांना बरं वाटलं असतं. "एवढंच सांगायचं होतं हो. तीन शब्द. मी पळालो असतो."

साहेब रडायला लागले. उंच माणूस, भिंतीला टेकून. धोंडूला त्यांची दया आली नाही आणि रागही आला नाही. आत सगळं सुकून गेलं होतं. त्याने फिल्म पाकिटात घातली, पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं, आणि तो निघाला. पुन्हा त्या गाळ्यात तो गेला नाही. पुढल्या वर्षी तो गाळाही बंद झाला. धोंडूला साकीनाक्याच्या एका डाइंगमध्ये काम लागलं आणि तिथेच त्याचं उरलेलं आयुष्य गेलं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी तो दुपारीच चढ चढून घरी आला. वाटेत त्याने ठरवलं होतं की जानकीला खरं सांगायचं. लपवून काय होतं ते आताच तर बघितलं होतं. दार उघडं होतं. जानकी आईची साडी घडी घालत बसली होती. बापाला इतक्या लवकर बघून ती उभी राहिली, आणि चौदा दिवसांत दुसऱ्यांदा बोलली.

"बघितलात फोटो?"

"बघितला."

"आला?"

पोरीच्या डोळ्यांत बघताना धोंडूच्या ध्यानात आलं. ती चौदा दिवस रुसलेली नव्हती. ती थांबली होती. तिलाही टेकायला ती एकच फिल्म होती. फोटो आला असेल तर आई कशासाठी तरी एकटी गेली. नसेल आला, तर फुकट गेली.

"आला," धोंडू म्हणाला.

"काय दिसलं त्यात?"

त्याने हवेत बोटाने गोल काढला. "अशी रिंग. काळी. आणि हय, खालच्या अंगाक, एवढी चीर. केसासारखी बारीक. पण दिसली."

"म्हणजे फाटलं होतं?"

"फाटलेला."

"मग ती माणसं?"

"वाचली," तो म्हणाला. "सगळी वाचली, बाय."

जानकी पुढे आली आणि तिने बापाच्या पोटात डोकं घातलं, आणि चौदा दिवसांचं रडली. त्याने तिच्या केसांवर हात ठेवला. त्याला स्वतःला रडायचं होतं, पण ती विचारेल, आता का रडता, म्हणून तो रडला नाही. रडून झाल्यावर तिने डोळे पुसले, जेवायला वाढलं आणि समोर बसून म्हणाली, "आईला कळलं असेल ना, बाबा?" धोंडूने हो म्हटलं आणि भात कालवला.